पहिली नाईट एकटीला देऊ नका : रुग्णालयांच्या अधिसेविकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी, महापालिकेच्या, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांतील अधिसेविका, सहायक अधिसेविका आणि वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर यांस

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी नर्सिंग कॉलेजात पाठ्यनिर्देशिका आहे. आमच्याकडे शिकलेल्या मुली आणि मुलगे तुमच्या वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून हजर होतात. हे पत्र त्यांच्या पहिल्या काही महिन्यांबद्दल आहे. मंत्रालयाला लिहिण्यासारखंही पुष्कळ आहे, त्यातलं थोडं पुढे येईलच. पण तुम्हाला लिहायचं कारण असं की ड्यूटी लिस्ट तुमच्या हातची असते. नवी नर्स टिकणार की वर्षभरात नोकरी सोडणार, तिच्याकडे सोपवलेला पेशंट सुखरूप राहणार की नाही, हे त्या एका कागदावर जितकं ठरतं तितकं कुठल्याच शासन निर्णयात ठरत नाही.

मागणी आधीच सांगते. पहिले तीन महिने नव्या नर्सचं नाव लिस्टमध्ये जादा म्हणून लिहा. तिला संख्येत धरू नका. तिच्या नावापुढे एका सिनियर सिस्टरचं नाव लिहा आणि दोघींच्या ड्यूट्या एकाच पाळीत लावा. आणि त्या काळात तिला नाईटला एकटी ठेवू नका.

हे वाचताच तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. "माणसं आहेत कुठे?" प्रश्न खरा आहे, त्याला बगल देणार नाही. आधी ती मुलगी आमच्याकडून निघून तुमच्याकडे येते तेव्हा तिचं नेमकं काय होतं ते सांगू द्या.

कॉलेजात तिला एक पेशंट दिलेला असतो. सकाळभर ती त्याचीच असते. त्याचा इतिहास लिहून घेते, स्पंजिंग देते, तोंडाची निगा राखते, केअर प्लॅन तयार करते, दुसऱ्या दिवशी आमच्यासमोर तो मांडते. प्रोसिजर करताना ट्रे पुस्तकात दिला आहे तसा लावते. चुकली तर शेजारी आम्ही असतो. इंजेक्शन भरताना अँप्यूल दाखवून मगच भरते. शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप असते, तीत कामाचा भार वाढतो, तरी अंगावर जबाबदारी पडत नाही. सही कुणा दुसरीची असते.

मग निकाल लागतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, नेमणुकीचं पत्र हाती पडतं. आणि सोमवारी सकाळी तीच मुलगी चाळीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात उभी राहते. जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. आठची इंजेक्शनं, राउंड, नव्या ऑर्डरी, दोन डिस्चार्ज, एक डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी निघालेला पेशंट), रक्त आणायला मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, पाठवायचं, सामानाच्या मागणीचं इंडेंट भरायचं, एक्स-रेला गेलेला पेशंट परत आला का ते पाहायचं. पुस्तकातला ट्रे लावायला तिथे ना वेळ असतो ना सामान. दुपारी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना, तिला बेड नंबर आठवतात, माणसं आठवत नाहीत. पहिल्या आठवड्यात मुलींचे फोन येतात तेव्हा दमल्याची तक्रार फार थोड्या करतात. "मॅडम, तुम्ही शिकवलंत तसं एकही काम मला करता आलं नाही", हे मात्र जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात असतं. शिकवलेलं खोटं होतं की आपणच नालायक आहोत, या कोड्यात ती अडकते. उत्तर द्यायला शेजारी कुणी नसेल तर ती दोनच गोष्टी करते. एक तर मन कोडगं करून घेते, नाही तर राजीनामा देते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या मार्लीन क्रेमर या नर्सिंग संशोधक बाईंनी १९७४ साली याच धक्क्याबद्दल लिहिलं. शाळेत शिकलेली मूल्यं आणि रुग्णालयात प्रत्यक्ष चालणारं काम यांची टक्कर नव्या नर्सला नोकरीबाहेर ढकलते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकीपासून निष्णात नर्सपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. आम्ही त्या वर्गात शिकवतो, परीक्षेत विचारतो. त्यांतली तिसरी पायरी, म्हणजे काम नीट उमजून हाताळणारी नर्स, ही एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं घालवल्यावर येते असं बेनर सांगतात. एकाच प्रकारच्या कामात, हे महत्त्वाचं. आपल्याकडे नवी मुलगी सर्वांत आधी हलवली जाते. सोमवारी मेडिसिन, बुधवारी ऑर्थो, शनिवारी कुणी रजेवर गेलं म्हणून लेबर रूम. सिनियर सिस्टरला हलवलं तर ती दहा कारणं सांगते, नवी गप्प जाते. त्यामुळे रजेची सगळी भोकं तिच्या नावाने बुजवली जातात. ज्या मुलीला वॉर्डातली कपाटं कुठे आहेत हे पाठ व्हायचं आहे, तिचं कपाटच रोज बदलतं. निदान सहा महिने तिला एका वॉर्डात राहू द्या.

आता नाईटबद्दल. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे.

पावसाळ्यात, पेरण्या सुरू झाल्या की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे पेशंट येतात. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका ठिकाणी लागली. फार दिवस झाले नव्हते आणि ती रात्री एकटी होती. मामा होते, डॉक्टर क्वार्टरवर होते. शेतमजूर आला, हात सुजलेला, पापण्या मिटत चाललेल्या. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, सापाच्या विषावरचं औषध सुरू करायला सांगितलं आणि नातेवाइकांशी बोलत १०८ची गाडी मागवायला फोनकडे गेले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे : सुरुवातीलाच साधारण दहा व्हायल लागतात. आत कोरडी पावडर असते. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालून हलक्या हाताने फिरवत विरघळवायची, जोरात हलवली तर फेस होतो. एक विरघळायला वेळ लागतो, दहा विरघळवायला किती लागेल? त्याच वेळी शिरेत लाइन हवी, अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी हवं, कारण हे औषध उलटू शकतं. अंगावर गांध उठते, उलटी होते, बीपी कोसळतं. म्हणजे पहिली काही मिनिटं पेशंटवरून नजर हलवायची नाही. आणि वॉर्डात आणखी पंचवीस जण आहेत, त्यांतल्या एकाचं सलाइन संपलंय.

तिने ते निभावलं. पेशंट वाचला. पण हे काम दोन नर्सचं होतं आणि त्यातली एक अनुभवी असायला हवी होती. तिला सगळं येत होतं, व्हायल फिरवायची हे आम्ही शिकवलेलंही तिला आठवत होतं. तिच्याकडे कमी होता तो दुसरा हात, आणि "आता आधी हे कर" म्हणणारं कुणीतरी. हा प्राधान्यक्रम वर्गात शिकवता येत नाही. जिला येतो तिच्या शेजारी उभं राहूनच तो येतो.

रात्रीच्या आणखी कितीतरी गोष्टी आहेत. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बहुतेक ठिकाणी मिलीला चाळीस युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. शंभर युनिटचं इन्सुलिनही येतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं आणि खुणा पाहून दिलं, तर डोस अडीचपट जातो. पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. या दोन गोष्टी प्रत्येक विद्यार्थिनी परीक्षेत बरोबर लिहिते. पण पहाटे चार वाजता, झोप अनावर झालेली असताना, एकाच खोक्यात ठेवलेली सारखी दिसणारी अँप्यूल हाताळताना, डोळ्यांच्या दुसऱ्या जोडीने पाहिलेलं असणं हाच इलाज आहे. अशा औषधांसाठी दोघींनी तपासायचं, ही पद्धत चांगल्या रुग्णालयांत आहेच. नवी मुलगी एकटी असेल तर ती तपासणार कुणाकडून?

आणि डॉक्टरांना रात्री उठवणं. नव्या मुलीला कॅन्युला लावण्यापेक्षा या फोनची जास्त धास्ती असते. "एवढ्यासाठी उठवलंस?" हे एकदा ऐकलं की पुढच्या वेळी ती अर्धा तास थांबते. तो अर्धा तास कधीकधी पेशंटला परवडत नाही. फोनवर काय बोलायचं याची साधी चौकट आहे : आत्ता काय होतंय, पेशंट कोण आणि कशासाठी दाखल आहे, मला काय दिसलं, मला तुमच्याकडून काय हवंय. सिनियर सिस्टरने चार वेळा हा फोन तिच्यादेखत केला आणि पाचव्या वेळी तिला करायला लावला, तर ती भीती जाते. रेसिडेंट डॉक्टरांपैकी कितीतरी स्वतःही नवेच असतात. त्यांनाही नीट सांगितलेली माहिती हवी असते, आणि दोन्ही नवे असले की गोंधळ दुप्पट होतो हेही तुम्ही पाहिलेलं आहे.

पहिल्या मृत्यूबद्दल कुणी बोलत नाही. सीपीआर करून हात भरून आलेले, मॉनिटरवर सरळ रेघ, नातेवाइकांचा आकांत, आणि लगेच केस पेपर पूर्ण करायचा, बॉडी बांधायची, खाट रिकामी करायची, कारण कॅज्युअल्टीतून फोन येतोय. आमच्या अभ्यासक्रमात मृतदेहाची तयारी कशी करावी हे आहे, ते करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीचं काय करावं हे नाही. इनचार्ज सिस्टरने तिला दहा मिनिटं पॅन्ट्रीत बसवून चहा दिला आणि "तू जे केलंस ते बरोबर केलंस" एवढं सांगितलं, की ती मुलगी ते आयुष्यभर विसरत नाही. अशा इनचार्ज सिस्टर आहेत. त्यांच्या वॉर्डातून मुली बदली मागत नाहीत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

याउलटही होतं. "कॉलेजात हेच शिकवलं का?" असं पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर म्हटलं जातं. "आम्हीही असंच शिकलो, कुणी हात धरला नव्हता." हे मी फार आदराने लिहिते आहे, कारण तुमच्या पिढीने खरोखरच हाल काढून हे काम शिकून घेतलं. पण तेव्हाचा वॉर्ड आणि आजचा वॉर्ड एक नाही. आजच्या साध्या वॉर्डातही इन्फ्यूजन पंप, मॉनिटर, चार प्रकारची अँटिबायोटिक्स, विम्याच्या नि योजनांच्या नोंदी, ऑनलाइन एन्ट्री आहे. पेशंट अधिक गंभीर आहेत. नातेवाइकांच्या हातात मोबाइल आहे आणि तो चालू असतो.

आणि भीती वेगळी आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहिल्यानगरच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्यानंतर ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिकाही होत्या. तेव्हापासून आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मॅडम, आग लागली तर आमच्यावर काय काय येतं?" त्या प्रकरणांत दोष कुणाचा हे ठरवणं माझं काम नाही. पण ज्या वॉर्डची जबाबदारी मुलीच्या अंगावर टाकता, त्या वॉर्डातलं अग्निशामक नळकांडं कुठे आहे, ते कसं उघडायचं, ऑक्सिजनची लाइन कुठून बंद होते, दुसरा दरवाजा कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे तिला पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे. कितीतरी ठिकाणी ते होत नाही. तसंच, डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा राज्याचा कायदा नर्सना आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे, हे नव्या मुलींना माहीतच नसतं. कुणी अंगावर धावून आलं तर कुणाला फोन करायचा, तक्रार कोण नोंदवणार, ते नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता माणसं कुठे आहेत, या प्रश्नाकडे येते. साध्या वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक, हे प्रमाण आपण सगळ्याच पाठ म्हणतो. प्रत्यक्षात काय आहे ते तुमच्या हजेरीपटावर आहे. जागा रिकाम्या आहेत, कंत्राटी मुलींना अकरा महिन्यांच्या ऑर्डरी मिळतात, रजा राखीव नर्स कागदावरच असतात. हे तुम्ही केलेलं नाही आणि तुम्ही एकट्या बदलूही शकत नाही. पण एक हिशेब तुमच्यासमोर ठेवते. नवी नर्स पहिल्या दिवसापासून पूर्ण धरली तर लिस्ट आज भरलेली दिसते. ती सहा महिन्यांत सोडून गेली तर तीच जागा पुन्हा रिकामी होते, पुन्हा भरती, पुन्हा नवी, आणि सिनियर सिस्टरचं काम कधी हलकं होतच नाही. ज्या वॉर्डात कायम नव्याच मुली असतात तिथे शिकवणारी कोण उरणार? तीन महिने सोसले तर पुढची कितीतरी वर्षं ती तुमच्या उपयोगी पडते. अगदीच जमत नसेल, तर तीनचा दीड महिना करा. सगळ्या वॉर्डांत जमत नसेल तर आयसीयू, लेबर रूम आणि एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष) इथून सुरुवात करा. पण शून्य ठेवू नका.

ब्रिटनमध्ये नव्याने नोंदणी झालेल्या नर्सला अनुभवी नर्सच्या सोबतीने काम करता यावं यासाठी तिथल्या परिचर्या परिषदेने २०२० मध्ये तत्त्वं घालून दिली. अमेरिकेत कितीतरी रुग्णालयांत वर्षभराची नर्स रेसिडेन्सी असते. तिकडे गेलेल्या आमच्या मुली सांगतात की इथे पाच-पाच वर्षं काम करून गेल्यावरही पहिले काही आठवडे त्यांना जादा म्हणूनच ठेवलं. २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. मुलींनी जरूर जावं, कमवावं. पण परदेशात गेल्यावर जो सांभाळ त्यांना मिळतो तो स्वतःच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळू नये, याचं मला वाईट वाटतं.

खासगी रुग्णालयांच्या अधिसेविकांना दोन शब्द जादा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. आमच्या मुलींना आजही त्याहून कमी पगाराची पत्रं येतात. पगार तुम्ही ठरवत नाही, हे मान्य. पण मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात अडकवून ठेवण्याची रीत तुमच्या डोळ्यांदेखत चालते. प्रमाणपत्रं अडकली म्हणून थांबलेली नर्स मनाने केव्हाच गेलेली असते. ती पेशंटपाशी असते तेव्हाही तिचं लक्ष नोकरी न सोडण्याचा बाँड संपायच्या तारखेवर असतं. व्यवस्थापनाला हे सांगू शकणारी माणसं फार थोडी आहेत आणि त्यांत तुम्ही आहात.

सरकारी अधिसेविकांना विनंती अशी की तुमच्या मासिक अहवालात एक रकाना वाढवा : या महिन्यात हजर झालेल्या नव्या नर्स किती, त्यांतल्या किती जणींना सोबत सिनियर देता आली, किती जणींना पहिल्याच महिन्यात एकटीने नाईट करावी लागली. हा रकाना महिनोन्‌महिने वर गेला, तर पदभरतीच्या फाईलला जोडायला आरोग्य विभागाकडे काहीतरी ठोस राहील. राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याखाली नियम घडत असताना नव्या नर्सच्या सोबतीचा काळ त्यांत लिहिला जावा, ही मागणी वॉर्डातून आली तर तिला वजन येईल. आम्हा शिक्षकांची मागणी कागदी ठरते.

कॉलेजांनीही करायचं आहे. शेवटच्या सेमिस्टरला विद्यार्थिनीला एका पेशंटऐवजी सहा पेशंट सांभाळायला द्यायला हवेत. ओव्हर देणं, फोन करणं, पाचशे मिली आठ तासांत म्हणजे मिनिटाला साधारण एकवीस थेंब हा हिशेब घड्याळ लावून तोंडी करणं, हे परीक्षेत यायला हवं. त्याबद्दल माझ्या सहकाऱ्यांना मी वेगळं लिहिते आहे.

ब्रदरचा उल्लेख राहून गेला. मुलग्यांना पहिल्या दिवसापासून "उचलायला आहे ना ब्रदर" म्हणून प्रत्येक वॉर्डातून बोलावणं येतं, आणि नाईटला त्यांना एकटं ठेवताना कुणाला काही वाटत नाही. ते तितकेच नवे असतात.

आमच्या यंदाच्या बॅचचे निकाल लागले की मुली तुमच्याकडे येतील. कोणत्या मुलीची सोबत कोणती सिनियर सिस्टर करणार ते ठरलं की मला कळवा. त्या सिस्टरांसाठी, नव्या मुलीला कसं शिकवावं यावर दोन तासांचा वर्ग मी तुमच्या रुग्णालयात येऊन घेईन. दुपारच्या ओव्हरनंतरची वेळ सोयीची पडेल. मानधन नको. आणि पहिल्या महिन्यात ज्या कामात मुली अडखळल्या त्यांची यादी मला पाठवा, ती मी पुढच्या बॅचला शिकवीन.

आपली विश्वासू,
एक पाठ्यनिर्देशिका